बाळंतिणीची खोली

"प्रश्न वाचताना हसायचं नाही, आणि मधेच 'अय्या' म्हणायचं नाही," हेडफोनमधून ढगे सरांचा आवाज आला. "लाल दिवा लागला की तू रायत्यांची मैथिली नाहीस. तू निवेदिका."

काचेपलीकडून त्यांनी बोट वर केलं. दिवा लागला.

"नमस्कार श्रोतेहो. कसं काय, तब्येतपाणी?" मी सुरुवात केली आणि पुढचं सगळं आपोआप आलं. "आरोग्य सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आपल्या स्टुडिओत आल्या आहेत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर शुभदा नेरकर."

मी तेव्हा सातवीत होते. निफाडच्या कॉलेजात छोटं रेडिओ केंद्र होतं. गावात आणि आसपासच्या दहाबारा खेड्यांत ते ऐकू यायचं. डिसेंबरात तर सगळेच ऐकायचे, कारण उद्या पारा किती उतरणार ते त्याच्यावर कळायचं आणि त्यावर बागांत शेकोट्या पेटवायच्या की नाही ते ठरायचं. आठवडाभर रोज सकाळी दहाला तज्ज्ञांशी थेट गप्पा, आणि प्रश्न शाळेतल्या मुलीने विचारायचे, अशी कल्पना केंद्र चालवणाऱ्या ढगे सरांची. शाळेने माझं नाव दिलं. माझा आवाज खणखणीत आहे. तोवर त्या आवाजामुळे मला फक्त वर्गाबाहेर उभं केलेलं. आता अख्खं गाव तो ऐकत होतं आणि मी हवेत होते.

डॉक्टर नेरकर छान बोलत होत्या. मी श्रोत्यांचे दोन प्रश्न वाचले आणि तिसरा माझ्या मनातला घातला. म्हणजे आमच्या ताईचा. पण ताईचा म्हणून कसा विचारणार? निवेदिकेला ताई नसते.

"एक श्रोता भगिनी विचारतात," मी जरा घसा साफ करून म्हटलं, "प्रसूतीनंतर डोकेदुखी व मळमळ होत असल्यास काय करावे?"

"बाळंतपणानंतर झोप होत नाही, पाणी कमी प्यायलं जातं, अंगात रक्तही कमी असतं," त्या म्हणाल्या. "आराम करा, पातळ पदार्थ घ्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. आणि तरी थांबलं नाही, तर अंगावर काढू नका, दाखवून घ्या."

मी घरी पोचले तर आई जिन्यातच उभी होती. स्वयंपाकघरातला रेडिओ मागे मोठ्याने चालूच.

"ऐकलं गं ऐकलं. खालच्या घुगेकाकूंनीसुद्धा ऐकलं. काय बोलतेस." तिने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आणि बघ, मी काय म्हणत होते? आराम. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या."

शेवटचं वाक्य मात्र तिने ऐकलंच नव्हतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली होती.

पल्लवीताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन पुण्याला गेली आणि पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. बाळ आठवड्याचं झालं होतं. मुलगा. बारसं व्हायचं होतं, म्हणून सगळे त्याला पिल्लू म्हणायचे. भावजी रविवारी येणार होते, तेव्हाच बारसं.

आमचा फ्लॅट नवाकोरा. दिवाळीच्या आधीच आम्ही गल्लीतलं कौलारू घर सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. जुन्या घरात कौलांतून थंडी आत यायची आणि मांजरंसुद्धा. इथे पप्पांनी सगळ्या खिडक्यांना सरकत्या काचा आणि कडेला रबर बसवून घेतलं होतं. कुणीही आलं की ते काच सरकवून दाखवायचे. "आतून ओरडलं तरी बाहेर ऐकू जाणार नाही," असं म्हणायचे आणि खूश व्हायचे.

बाळंतिणीची खोली म्हणजे आतली बेडरूम. हौसामावशी सकाळी यायच्या, आधी पिल्लाला आणि मग ताईला तेल लावून चोळायच्या, कढत पाण्याने न्हाऊ घालायच्या आणि मग शेक. शेकासाठी गावावरून सुतळीची बाज आणली होती. ती लिफ्टमध्ये मावेना तेव्हा पप्पा आणि वॉचमनने ती जिन्यावरून वाजतगाजत वर नेली. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ताई गोधडीत, कुशीत पिल्लू. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. धूर निघायचा, वास मस्त यायचा. एकदा खोली तापली की शेगडी कोपऱ्यात सरकवायची. थंडी होती म्हणून दिवसभर ती तिथेच असायची.

"ती काच पुरी लाव गं पोरी," हौसामावशी मला म्हणाल्या. "आणि दाराखाली ते पोतेरं सार. बाळंतिणीला वारं लागलं ना, तर म्हातारपणी हाडं रडवत्यात."

"मावशी, इथे वारं यायला जागाच नाहीये. रबर आहे."

"तुमच्या रबराचं मला सांगू नको. वारं लई बारीक असतं."

ताई हसली, पण हसताना कपाळ दाबून धरलं. "मैथिली, रेडिओवर माझंच विचारलंस ना? भगिनी म्हणे."

"मग काय विचारू? आमची ताई डोकं धरून बसलीये असं?"

"तसंच विचारायचं होतंस," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पिल्लू पिवळं दिसतंय म्हणून त्याला दवाखान्यात दाखवायला नेलं. ताईला पायांवर उभं राहताना चक्कर आली, आईने धरलं. रिक्षात बसलो. आईने दोघांना कानापासून पायापर्यंत गुंडाळलं होतं, पण रिक्षाच ती, दोन्ही बाजूंनी बोचरी हवा. चौक येईस्तोवर ताई सरळ बसली. बागांवरच्या धुक्याकडे बघत म्हणाली, "काय मस्त वाटतंय गं. डोकं एकदम उतरलं."

"बघ," आई म्हणाली. "घरात पडून पडून होतं ते. जरा बाहेर पडलं की बरं वाटतं."

दवाखान्यात गर्दी होती. तिथे पिल्लू एवढं रडलं की बाकाच्या त्या टोकाची बाई हसून म्हणाली, पुढारी होणार हा. डॉक्टरांनी तपासलं, कावीळ किरकोळ आहे म्हणाले. ताईनेही सांगितलं, आता डोकं नाही दुखत. त्यामुळे तिला कुणी तपासलंच नाही. घरी आल्यावर ताई पुन्हा बाजेवर. त्या दिवशी शाळा लवकर सुटली, म्हणून दुपारी मी अभ्यासाला त्याच खोलीत बसले, कारण बाकी घरात बोटं गारठत होती. महाराष्ट्रातल्या नद्या पाठ करता करता मला कधी झोप लागली कळलंच नाही. उठले तर डोकं भणभणत होतं. बाथरूमपर्यंत पोचले आणि भडाभडा ओकले.

"शाळेबाहेर काय खाल्लंस?" आईने पाठीवर हात फिरवत विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? भेळ खाल्ली असणार."

मी भेळ खाल्ली होती. त्यामुळे विषय संपला.

गॅलरीत उभं राहिल्यावर मला पाच मिनिटांत बरं वाटलं. समोर संध्याकाळच्या बागा, कडेकडेने रचून ठेवलेल्या शेकोट्या. पिल्लू दवाखान्यात केवढं रडलं आणि घरी कसं गप्प असतं, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "आजोळ आहे त्याचं. घर ओळखतं पोर."

येणाऱ्याजाणाऱ्या बायका तेच म्हणायच्या. काय गुणी बाळ, आवाज नाही. बाजूला बसून आम्ही भांडी आपटतोय तरी झोपलंय. घुगेकाकू खालच्या मजल्यावर राहायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "माझा नातू तर घर डोक्यावर घेतो. हे बाई देवमाणूस आहे." आई पटकन उठून दृष्ट काढायला मीठमोहरी घेऊन आली.

गुरुवारी बालरोगतज्ज्ञ होते, डॉक्टर हेमंत भुतडा. त्यांनी येताना खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून मला एक दिली आणि दुसरी ढगे सरांना.

"डॉक्टर, एक श्रोता विचारतात, नवजात बाळ फार झोपत असल्यास काळजी करावी का?"

"पहिले काही दिवस बाळ बहुतेक वेळ झोपतंच," ते म्हणाले. "दर दोनतीन तासांनी उठून नीट दूध पीत असेल, लघवी होत असेल, तर झोपू द्या त्याला."

"आणि आपल्या निफाडची थंडी?" हा प्रश्न कागदावर नव्हता. तो मी ऐनवेळी घातला आणि ढगे सरांनी काचेतून अंगठा दाखवला.

"हा फार चांगला प्रश्न. बाळाला ऊब लागते. त्याचं अंग लवकर गार पडतं. टोपी, मोजे, आईच्या छातीशी धरा, खोली उबदार ठेवा."

त्या दिवशी मी घरी आले तर आई बाजारातून दुसरी शेगडी घेऊन आलेली. हौसामावशी तिच्यात कोळसे रचत होत्या. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि भिंतीला हात टेकून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. वय झालं. या खोलीत आलं की घेरी येतीये चार दिस."

"बसा जरा."

"बसले तर उठायची नाही. तुझे डागतर म्हणाले ना, खोली गरम ठेवा? ऐकलं मी. आता बघ कशी करते."

आईने खिडकीवर आतून जुनी चादर खिळली. माझ्या कार्यक्रमावर घरात एवढा विश्वास होता.

शुक्रवारी मी शाळेतून आले तेव्हा ताई जागी होती. मला बघून म्हणाली, "आज सुट्टी का गं?"

"साडेपाच वाजलेत ताई."

"हो का." ती पेल्यात दूध ओतायला लागली. दूध पेल्याच्या शेजारी पडत राहिलं. ती बघत होती, पण ओततच होती. मी तिच्या हातातून भांडं घेतलं.

"ताई."

"आज सुट्टी का गं तुला?"

मला हसू आलं. तीही हसली. मग तिने माझं मनगट धरलं. तिचा हात घामाने ओला होता. "मैथिली, मला गॅलरीत ने ना. दोन मिनिटं. आई स्वयंपाकघरात आहे तोवर. पिल्लूलाही घे. सकाळपासून दूध ओढत नाहीये तो. तोंडात घेतो आणि झोपतो."

मी पिल्लूला उचललं. तो मला आदल्या दिवसापेक्षा जड वाटला. मान माझ्या कोपरावर अशी पडली होती की मी दुसरा हात घातला. आम्ही हॉलपर्यंत पोचलो आणि आई समोर.

"कुठे निघाली वरात?"

"ताईला गॅलरीत—"

"डोकं फिरलंय का दोघींचं? उद्या पारा चारवर येणार आहे. ओल्या बाळंतिणीला गॅलरीत?"

"आई, पिल्लू दूध पीत नाहीये."

"सकाळपासून मी बघतेय. बाळकडू जास्त झालं असेल, सुस्ती आहे. उद्या सकाळपर्यंत प्यायला नाही तर डॉक्टरकडे नेऊ. पप्पांना गाडी सांगून ठेवते." आईचा आवाज खाली आला. तिने ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "पल्लू, मला काय हौस आहे का तुला कोंडायची? परवा बारसं आहे. सगळं नीट पार पडू दे. मग बस हवं तेवढं उन्हात."

ताई वळली आणि निमूटपणे आत गेली. आईने दार लावलं, खाली पोतेरं सारलं.

शनिवारी सकाळी मी निघाले तेव्हा हौसामावशी नुकत्याच गेल्या होत्या. न्हाणं झालं होतं. दोन्ही शेगड्या आत होत्या. आई डिंकाचे लाडू वळत होती आणि रेडिओ आधीच लावून ठेवला होता.

"पिल्लू प्यायला?" मी विचारलं.

"न्हाऊन गाढ झोपलाय. उठला की पाजू, नाही तर अकराला गाडी येतेच आहे. तू जा, उशीर होईल."

केंद्रावर पोचले तर ढगे सर फोनवर हातवारे करत होते. "दातांचे डॉक्टर येत नाहीत. त्यांचाच दात दुखतोय." फोन ठेवून ते म्हणाले, "काळजी नको. शेतीच्या कार्यक्रमासाठी पशुवैद्य आलेत, त्यांनाच घेऊ."

"सर, आरोग्य सप्ताह आहे."

"मग कोंबडीला तब्येत नसते?"

मी तोंड वाकडं केलं. शेवटचा दिवस, आमच्या वर्गशिक्षिका ऐकणार, आणि मला कोंबड्या.

डॉक्टर आसिफ मणियार आत आले. उंच, पायात मातीने भरलेले बूट, हसरे. बसताना माइकला म्हणाले, "मी ओरडून बोलायचं का?"

"नाही सर, नेहमीसारखं."

"मी नेहमी ओरडूनच बोलतो. पोल्ट्रीत दुसरं ऐकू येत नाही."

लाल दिवा लागला. मी नमस्कार केला, विनोदही केला की आजचे पाहुणे अशा पेशंटांचे डॉक्टर आहेत ज्यांना दातच नाहीत. ढगे सर काचेपलीकडे पोट धरून हसले. मला पुन्हा मजा वाटायला लागली.

"डॉक्टर, थंडीत कोंबड्यांची काळजी कशी घ्यावी?"

"मोठ्या कोंबडीचं सोडा. पिल्लांचं बोलू. आत्ता सगळ्यांकडे एक दिवसाची पिल्लं येतायत. त्यांना ऊब लागते. शेतकरी शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या ठेवतात, चारी बाजूंनी पडदे लावतात. बरोबर आहे ते. पण मी सगळ्यांना सांगतो, थर्मामीटर नंतर बघा. आधी पिल्लं ऐका."

"ऐका?"

"पिल्लं ओरडत असतील तर थंडी वाजतेय, भूक लागलीय, काहीतरी हवंय. ओरडतंय ते पिल्लू ठीक आहे. चोच उघडून कडेला पळालं, तर गरम होतंय. चरतंय, फिरतंय, तर उत्तम."

"आणि शांत असेल तर?"

"शांत आणि खातपीत असेल तर काही नाही. पण खात नाही, पीत नाही, उठवलं तर उठत नाही, नुसती झोपलीत, मान टाकून..." ते थांबले. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "काल सकाळी एका ठिकाणी गेलो होतो. मालक म्हणाला, डॉक्टर, काय गुणी लॉट आहे, आवाजच नाही. मी पिल्लांकडे बघितलंच नाही. आधी पडदे फाडले."

"का?"

"कोळशाचा गॅस. बंद जागेत कोळसा जळला की एक गॅस होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना लागतो तरी, हा लागत नाही. मालकाला विचारलं, तुझं डोकं दुखतं का? म्हणतो, हो, शेडमध्ये बसलं की डोकं धरतं, मळमळतं. बाहेर बांधावर आलं की उतरतं. चार दिवस तो डोकेदुखीची गोळी खात होता."

माझ्या समोर कागद होता. पुढचा प्रश्न जनावरांच्या लाळ्या खुरकताचा होता. मला अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती.

"पण सर," मी म्हटलं, "शेगड्या तर आधीपासून वापरतात. जुनी माणसं. तेव्हा कुठे काय व्हायचं?"

"जुन्या शेडला फटी होत्या ना. कौलं, कुडाच्या भिंती. गॅस निघून जायचा. आता नव्या शेड बघा, पॅकबंद. हवा आत नाही, बाहेर नाही."

"माणसांना पण होतं?"

"माणूस मोठा आहे, त्याला वेळ लागतो एवढंच."

घड्याळात किती वाजले होते ते मी बघितलं नाही. शेक चालू होता एवढं मला माहीत होतं. दोन शेगड्या. खिळलेली चादर.

"आई," मी माइकमध्ये म्हणाले.

मणियार डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, ताईच्या खोलीचं दार उघड. खिडकी उघड, चादर काढून टाक. शेगड्या बाहेर घे. त्यांना बाहेर घे. आई, आत्ता. लाडू ठेव खाली."

ढगे सर काचेपलीकडे दोन्ही हात हलवत होते. मी थांबले नाही. आवाज खणखणीतच निघत होता, त्याला काही झालं नव्हतं. "घुगेकाकू, तुम्ही ऐकत असाल तर वर जा. गोदाई अपार्टमेंट, दुसरा मजला, रायते. कुणीही जा. आतल्या खोलीत माझी बहीण आहे आणि बाळ आहे."

हेडफोन टेबलावर पडला तेव्हा मी दाराशी होते. मागून डॉक्टर मणियारांची खुर्ची आपटल्याचा आवाज आला. "चल, माझी जीप आहे."

नंतर कळलं ते असं. आईने सगळं ऐकलं. शब्दन् शब्द. आणि ती लाडू वळत राहिली. तिला वाटलं, नाटुकलं आहे. शेवटचा दिवस, मी काहीतरी वेगळं बसवलंय. आमच्या घराचं नाव घेतलं तेव्हा तर तिला हसू आलं, की काय ही पोर. माझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता ना. घुगेकाकू धापा टाकत वर आल्या आणि बेल दाबून धरली.

"अहो, ते कार्यक्रमातलं आहे," आई दारात म्हणाली.

"असू दे कार्यक्रमातलं," घुगेकाकू म्हणाल्या आणि तिला बाजूला सारून आत गेल्या.

आमची जीप पोचली तेव्हा वॉचमन आणि घुगेकाकूंचा मुलगा ताईला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणत होते. तिचा एक हात खाली लोंबत होता आणि प्रत्येक पायरीला कठड्यावर आपटत होता. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मी तो हात धरला आणि खुर्चीबरोबर उलटी उलटी उतरत गेले.

पिल्लू घुगेकाकूंच्या हातात होतं, दुपट्याबाहेर, टोपीशिवाय, त्या गारठ्यात. हलत नव्हतं.

"श्वास?" डॉक्टर मणियारांनी विचारलं. त्यांनी त्याच्या छातीला कान लावला. खूप वेळ लावून ठेवला. "आहे. बसा. बसा पटकन."

जीपच्या काचा त्यांनी सगळ्या खाली केल्या. वारं सपासप आत येत होतं. आईच्या हातांना लाडवांचं तूप होतं. तिने त्या हातांनी स्वतःचा पदर सोडवला आणि ताईच्या कानांवर गुंडाळायला लागली. मग काचेकडे हात नेला.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

"वारं लागेल हो तिला."

"लागू द्या."

आईने हात मागे घेतला. पुढे दवाखाना येईपर्यंत ती नुसती ताईच्या तळपायाला आपले तळहात घासत होती.

निफाडला ऑक्सिजन लावला आणि लगेच नाशिकला हलवलं. पिल्लूने त्याच संध्याकाळी डोळे उघडले. लहान जीव पटकन सावरतात, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. ताईचं सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. रविवारी भावजी आले. बारसं झालं नाही. सोमवारी ताईने डोळे उघडले, पप्पांना ओळखलं, मला ओळखलं, चहा मागितला. पप्पा कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आता मी दहावीत आहे. ताई पुण्यात आहे, नोकरी करते, स्कूटर चालवते, माझ्या इंग्रजीच्या चुका काढते. तिचा मुलगा बालवाडीत जातो आणि सगळ्यांना दमवतो. ते तिचं निफाडला येणं, कळा, दवाखाना, ती खोली, यातलं तिच्याकडे काहीच नाही. तिच्या आठवणीत नवव्या महिन्यातला एक दिवस आहे आणि मग थेट नाशिक. पण नाशिकचंही सगळं नाही.

त्या सोमवारी दुपारी नर्सने पिल्लूला आणलं. ताई उशीला टेकून बसली होती. आई पलंगाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. नर्सने त्याला मांडीवर ठेवलं. ताईने त्याच्या मुठीत बोट घातलं, नाकाला नाक लावलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "कुणाचं गं हे?"

आई उठली आणि खोलीबाहेर गेली. भावजी खिडकीशी होते, ते वळलेच नाहीत. नर्स माझ्याकडे बघत होती.

"तुझं," मी म्हटलं.

"माझं?"

"हो ताई. तुझं. मुलगा आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करतेय का ते तपासलं. मग त्याच्याकडे बघितलं. तिचं तोंड हळूहळू उघडलं आणि डोळे भरून आले. "खरंच? कधी झाला? मला कुणी सांगितलंच नाही." तिने त्याला छातीशी धरलं, हसली, रडली, माझा हात ओढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

तासाभराने तिने पुन्हा विचारलं, कुणाचं आहे. आठवडाभर ती विचारत राहिली. घरातलं कुणी ते उत्तर देऊ शकायचं नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी शाळा बुडवून तिथेच बसायचे. ती विचारायची, मी सांगायचे, तुझं. आणि दर वेळी ती तेवढीच खूश व्हायची.